दांड्याची जागा

नव्याच्या दिवशी, म्हणजे नवा तांदूळ पहिल्यांदा खायच्या दिवशी, घरात रडायचं नसतं, असं दुर्गेश्वरीची सासू सांगायची. सासू गेली, पण तिचे नियम चुलीपाशी ठाण मांडून बसले होते. म्हणून दुर्गेश्वरी सकाळपासून पदरानं डोळे पुसत होती आणि कोणी पाहिलंच तर धुराला दोष देत होती. चूल तर अजून पेटलीही नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

पूर्वी जिथं बैल बांधायचे त्या पुढच्या खोलीत लेथ मशीन बसली होती, आणि अशी बसली होती की आता उठायची सोय नव्हती. गोंदियातल्या दुकानाची जागा मालकानं परत मागितली, तेव्हा मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, उदारामनी, छाती ठोकून सांगितलं होतं, "कायले भाड्याची जागा पाह्यता? आमगावचं घर काय कमी हाये?" मग त्यांनी स्वतः चुन्याच्या रेघा मारल्या. उजेड कुठून येतो ते पाहिलं. मशीन उत्तरेकडे तोंड करून बसवली, कारण दक्षिणेकडे तोंड करून माणूस पिंड देतो, पोट भरत नाही. हत्यारांच्या पेटीची जागा मोजली, आपल्या खुर्चीचीसुद्धा मोजली. सिमेंटचा चौथरा झाला, त्यात बोल्ट गाडले गेले, क्रेनवाल्यानं मशीन उतरवली, नारळ फुटला.

आणि काल संध्याकाळी दुलीचंद सेठच्या राईस मिलमधून पहिले शाफ्ट आले. तिच्या नवऱ्यानं, इंद्रकुमारनं, एक शाफ्ट उचलला, चकाच्या पकडीतून आत सारला. शाफ्टच्या टोकाला काम करायचं तर टोक तेवढं चकात राहतं आणि बाकीचा सगळा दांडा मशीनच्या पोकळ डोक्यातून मागं निघतो. निघाला तो दोन हात गेला आणि भिंतीवर धाडकन आदळला. इंद्रकुमारनं पुन्हा सारला, पुन्हा आदळला. जसं काही दुसऱ्या वेळी भिंत लाजून बाजूला होणार होती.

ती भिंत साधी नव्हती. ती वाटणीची भिंत होती. तिच्या पलीकडे खुशालकाकांचं घर होतं आणि दोघा भावांत वाटणी झाल्यापासून शब्द नव्हता.

चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस हे कसं विसरला, हे दुर्गेश्वरीला रात्रभर कळत नव्हतं. गोंदियाच्या दुकानात दांडा मागच्या दारातून सरळ गल्लीत निघायचा. लोक वळसा घालून जायचे, सायकलवाले शिव्या देत जायचे, पण जायचे. गल्लीनं दिलेली जागा ती. मामाजींनी ती कधी आपली म्हणून मोजलीच नव्हती.

ती मागच्या अंगणात गेली. इंद्रकुमार पेरूच्या झाडाखाली फोन खिशात घालत होता.

"रायपूरले फोन केला का?"

"केला."

"मले न इचारता?"

"इचारून काय होते व? चौथरा फोडला तं हंगाम गेला. गिरण्या सुरू व्हाच्या आत शाफ्ट नाही देले, तं दुलीचंद सेठ जाईन. तो गेला का बाकीचेही जातीन. रायपूरच्या कारखान्यात जागा हाये. दिवाळीच्या आधी ये म्हणून राह्यले."

याआधी तो असाच बाहेरगावी कामाला गेला होता तेव्हा सासू अंथरुणावर होती. सासूचं सगळं तिनं एकटीनं केलं, सासूचे डोळेही तिनंच मिटले. इंद्रकुमार पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. तो तेव्हा ओसरीवर बसून जसा रडला होता, ते तिच्या अजून डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

"मले पुन्हा तसं राह्याचं नाही," ती म्हणाली. "तुम्हाले सांगून ठेवते. मी भीते तशा राह्यण्याले. भिंतीच्या पल्याड माणसंच राह्यतात ना? वाघ तं नाही राह्यत. भिंतीत एक भोक मागाचं, दांडा जाईन एवढं."

"कोण मागन? तू मागतं का?"

ओसरीवरून मामाजींचा खाकरा ऐकू आला. म्हाताऱ्याचे कान म्हणजे मांजराचे कान.

"आज नव्याचा दिवस हाये," ते म्हणाले. "नव्याच्या ताटावर बसलेल्या भावाले काही मागणं म्हणजे त्याचा गळा धरणं. कोणी तोंड उघडाचं नाही. मी सांगून राह्यलो."

आणि इथंच तर सारी गोम होती. वाटणीत घर वाटलं गेलं, वावर वाटलं गेलं, विहिरीच्या पाण्याच्याही पाळ्या लागल्या. पण देवाची चौरी, म्हणजे मातीचा देवओटा, वाटत नाहीत, ती थोरल्याच्या घरी राहते. नवं धान आलं की पहिला भात त्या चौरीपुढं ठेवायचा आणि धाकट्यानं बायकोसकट थोरल्याच्या घरी येऊन पहिला घास घ्यायचा. भांडण असो, कोर्टकचेरी असो, घास घ्यायचाच. त्याशिवाय त्या साली नवा तांदूळ तोंडात घालता येत नाही. म्हणजे वर्षातून एकदाच काका या घरात येणार आणि त्याच दिवशी त्यांना काही मागायचं नाही. आता काय करायचं, डोकं आपटून घ्यायचं?

काका-काकी आले ते ऊन डोक्यावर चढल्यावर. खुशालकाका खाली मान घालून आत आले, चौरीपुढं टेकले आणि पाटावर जाऊन बसले. काकी शकुंतलाबाई मात्र उंबऱ्यातूनच सुरू झाल्या.

"काऊन व दुर्गा, काल आमच्या भिंतीले धडका कोण मारून राह्यलं होतं?"

दुर्गेश्वरीच्या हातातली पळी थांबली. मामाजी चौरीवरची हळद नीट करत होते, ते नीटच करत राहिले.

"पोपडा निघाला, तो सरळ माह्या ताकाच्या गंजात. अख्खं ताक गाईले पाजलं. बैल बांधले का काय पुन्हा त्या खोलीत?"

"बैल नाही, काकी," इंद्रकुमार म्हणाला.

"मंग काय हाये?"

मागायचं नाही हे ठरलं होतं, पण सांगायचं की नाही, हे काही ठरलं नव्हतं. दुर्गेश्वरीनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं बापाकडे, आणि बापानं देवाकडे. तेवढ्यात खुशालकाका पाटावरून उठले आणि कोणाला न विचारता पुढच्या खोलीत गेले.

इंद्रकुमार मागं धावला. दुर्गेश्वरीही गेली. चुलत सासऱ्यासमोर सून बोलत नाही, पण दारात उभी राहायला कोणाची बंदी नव्हती.

काकांनी मशीनला हात लावला नाही. नुसते भोवती फिरले. चकातून बाहेर आलेला शाफ्ट पाहिला, मग डोक्यामागं गेले. भिंतीवर जिथं खड्डा पडला होता तिथं त्यांनी बोट घातलं आणि ते हसले.

"इंदर," ते म्हणाले, "तुह्या बापाले सांग, माप चांगलं घेतलं. सारं मोजलं. फक्त मी उभा राह्यचो तेवढी जागा मोजाची राह्यली."

मामाजी आत चौरीपाशीच होते. त्यांना ऐकू गेलं नसेल, असं म्हणायला जागा नव्हती.

मग दुर्गेश्वरीला सगळं उमगलं. ती या घरात आली तेव्हा भिंत उभी झालेली होती, तिला सासूकडून ऐकलेली कथा तेवढी माहीत होती. दुकान दोघांचं, पण मशीनवर उदाराम आणि मागं गल्लीत खुशाल. ऊन असो, थंडी असो, दांडा फिरत असेपर्यंत खुशालनं तिथं उभं राहायचं, शेंड्यापाशी लाल फडकं धरून. गरगर फिरणाऱ्या दांड्यानं कोणाचा पाय मोडू नये, कोणाचं धोतर गुंडाळलं जाऊ नये, म्हणून. मशीन सुरू करण्याआधी उदाराम आतून ओरडायचे, "मागे?" आणि बाहेरून उत्तर यायचं, "मोकळं!" उत्तर आल्याशिवाय बटन दाबलं जात नसे. वर्षानुवर्षं असं चाललं. मग इंद्रकुमार मोठा झाला, बापानं त्याला मशीनवर घेतलं. खुशाल म्हणाला, आता मलेही मशीनवर येऊ दे, पोराले मागं पाठव. त्यावर उदाराम सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलले होते, "मागं उभं राह्यले काय अक्कल लागते?" दुसऱ्या दिवसापासून खुशालच्या जागी गल्लीत एक पिंप उभं राहिलं आणि घरात भिंत.

"चला, काकाजी, पानं वाढली," ती दारातूनच, कोणाकडे न बघता म्हणाली. एवढं बोलणं चालतं.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. उडदाचे वडे, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, डाळ. राहिला होता फक्त भात. नवा भात चुलीवरच शिजवायचा असतो आणि गरम वाफेसकट वाढायचा असतो. दुर्गेश्वरीनं फडक्यानं भाताचा गंज धरला आणि ती पंगतीत आली. तिच्या मनात एकच घोकणं चाललं होतं. घास पडू दे, नीट पडू दे, मग पाहू.

काकांच्या पत्रावळीपुढं ती वाकली आणि काकांचा हात हवेतच थांबला.

"हे फडकं कोठून आणलं?"

दुर्गेश्वरीनं हाताकडे पाहिलं. लालसर, विटलेलं, चौपदरी घडी घातलेलं फडकं. गोंदियाहून हत्यारांची पेटी आली तिच्या तळाशी तेलानं माखून पडलं होतं. कापड दणकट दिसलं म्हणून तिनं सोड्यानं उकळून धुतलं आणि गरम भांडी धरायला चुलीपाशी ठेवलं. तिला काय माहीत, हे तेच गल्लीतलं फडकं!

"पेटीत होतं," ती कशीबशी म्हणाली.

काकांनी पत्रावळ पुढं सरकवली. "यंदा आम्हाले नवं नाही," ते म्हणाले आणि उठून उभे राहिले.

अरे देवा! नव्याच्या पानावरून माणूस उठला. असं त्या घरात कधी झालं नव्हतं, वाटणीच्या सालीसुद्धा नाही. इंद्रकुमार अर्धवट उठला, पुन्हा बसला. मामाजींनी मान वर करून भावाकडे पाहिलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. तेही होईना. हा म्हाताराही असा, की जीव गेला तरी मान वळणार नाही.

काका दाराशी पोचले. दुर्गेश्वरीला वाटलं, आता भिंत काय आणि मशीन काय, सगळंच गेलं. रायपूरची गाडी, ती रिकामी ओसरी, तो संध्याकाळचा एकटा दिवा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आणि तिनं डोक्यावरचा पदर घट्ट धरून तोंड उघडलं.

"काकाजी, थांबा."

सून चुलत सासऱ्याला थेट बोलली होती.

"मी भोक मागत नाही. मामाजीनं मना केलं हाये, मी नाही मागत. पण हे फडकं तुमचं होतं हे मले कोणीच नाही सांगतलं. या घरात तुमचं नावच कोणी घेत नाही, तं मले कसं समजन? मी त्यानं भात उतरवला. चुकलं माहं. तुम्ही मले बोला, रागवा. पण पानावरून उठू नोका. पुढच्या महिन्यात माह्या घरचा माणूस रायपूरले जाऊन राह्यला. मंग या पंगतीत बसाले राह्यनच कोण?"

नव्याच्या दिवशी रडायचं नसतं, पण आता ते कुठं हातात होतं?

"इंदर रायपूरले जाते?" शकुंतलाबाईंनी विचारलं. आवाजातला ताकाचा राग एकदम ओसरला होता. "कायले?"

"मशीन चालत नाही, काकी," इंद्रकुमार म्हणाला. "दांड्याले जागा नाही."

शकुंतलाबाईंनी हातातला वडा पत्रावळीत ठेवला. त्यांचा मुलगा मुन्ना सुरतला गेला तो दोन होळ्यांपूर्वीचा, आला नव्हता. फोनवर दिसतो, पण फोनवरच्या पोराला जेवू घालता येत नाही, असं त्या विहिरीवर सगळ्या बायांना सांगायच्या. त्या उठल्या आणि नवऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"मी सांगते तुम्हाले. एक पोरगं गेलं ते गेलंच. आता हेही जाऊ द्याचं का? भिंत जेवढी तुमची, तेवढी माही. माह्या बाजूची भिंत मी देली. ताकाचा गंज दुसरीकडं ठेवीन."

"तू गप राह्य."

"काऊन गप राहू? भाऊ भाऊ मुके झाले म्हणून आम्हीही मुक्या राह्याचं का?"

काका दारातच उभे होते. ते बोलले ते इंद्रकुमारला.

"सब्बल हाये का घरात?"

"हाये."

"सागाचा गुटका पाह्यजे. मधात गोल भोक पाडलेला. भिंतीत तो बसवल्याशिवाय दांडा सोडाचा नाही, नाही तं फिरताना लवन आणि वाकडा होऊन माणूस मारन. जुन्या बैलबंडीचा तुकडा चालन." मग जरा थांबून, "आधी भोक. मंग घास."

"भात थंड होईन ना गा," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"होऊ दे. चुलीवर ठेव पुन्हा."

भिंत मातीची होती, पण वैरानं बांधलेली, म्हणून जाड होती. इंद्रकुमारनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारायला घेतली. काका पलीकडे आपल्या घरात जाऊन ओरडून सांगत होते, "वर... थोडा खाली... हं." दुर्गेश्वरी प्रत्येक घावाला डोळे मिटून घेत होती. मोठं ढेकूळ पडलं तर? काकांचा विचार बदलला तर? मामाजी खुर्चीवर बसून होते. मोजून ठेवलेल्या जागेवर ती खुर्ची बरोबर बसली होती. ते सब्बलकडे बघत होते. एकदा दुर्गेश्वरीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यांनी तो घेतला आणि न पिता हातातच धरून ठेवला.

शेवटी पलीकडचा उजेड आला. भोकातून आधी काकीची साडी दिसली, मग काकांचा हात. हातात काही नव्हतं. हात तसाच पुढं आला आणि थांबला.

दुर्गेश्वरीला कळलं. ती धावत चुलीपाशी गेली, फडकं उचललं आणि भोकातून त्या हातात दिलं. हातानं ते झटकन ओढून घेतलं.

गुटका बसला. इंद्रकुमारनं शाफ्ट सारला. दांडा डोक्यातून निघाला, गुटक्यातून सरकला, भिंतीच्या पोटातून पलीकडे गेला. चक आवळलं. इंद्रकुमारनं बटनावर बोट ठेवलं.

आणि ते तसंच राहिलं. आपलं काय राहिलं, हे दुर्गेश्वरीला क्षणभर कळेना. मग तिनं पाहिलं, नवरा बापाकडे बघत होता. ती हाक तो देऊ शकला असता. त्याचं तोंड उघडलंही, पण त्यानं ते मिटून घेतलं. ती त्याची हाक नव्हती.

मामाजींच्या हातातला तांब्या खाली ठेवला गेला. ते उठले. गुडघे कटकट वाजले. भिंतीपर्यंत गेले, भोकाशी वाकले आणि तिथंच थांबले. आता नाही बोलले तर जन्मात बोलणार नाहीत. मग तो फोन, ती गाडी, दिवाळी. बोला ना, मामाजी. काय जाते तुमचं?

"मागे..." त्यांनी खाकरून पुन्हा हाक दिली. "खुशाल, मागे?"

पलीकडे शांतता. दुर्गेश्वरीनं दाराची चौकट घट्ट धरली.

"खुशाल," मामाजी भोकाशीच म्हणाले, हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "अक्कल लागते गा. मागं उभं राह्यले लय अक्कल लागते. मले नव्हती."

मग भिंतीपलीकडून आवाज आला, जाडाभरडा, गल्लीतल्या सायकलवाल्यांना ऐकू जायचा तसा.

"मोकळं हाये, दादा. चालव."

इंद्रकुमारनं बटन दाबलं. मशीन आधी कण्हली, मग तिचा सूर लागला आणि दांडा फिरायला लागला. मामाजी वाकलेले होते ते तसेच वाकून राहिले. त्यांचे खांदे हलत होते. दुर्गेश्वरीनं तिकडे पाहिलं नाही, पाहायचं नसतं.

ती चुलीपाशी आली. भात पुन्हा वाफाळला होता. गंज उतरवायला तिनं सवयीनं बाजूला हात नेला, फडकं नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर ओढला, त्याची चौपदरी घडी केली आणि गंज धरला. बोटं भाजली. उघड्या डोक्यानं ती पंगतीकडे गेली आणि पाचही पत्रावळींवर भात वाढून वाट बघत उभी राहिली.